शेवटच्या नळाला दाब किती, ते आधी विचारा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. विषय पाण्याचाच आहे, पण आज नळाला पाणी आलं की नाही यावर लिहीत नाहीये. पाण्याचं जाळं कोण ठरवतं, कसं ठरवतं आणि त्यात तुम्हाआम्हाला बोलायची जागा कुठं आहे, यावर लिहितोय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, पाथरी नाही एवढं सांगतो. माझी धाकटी बहीण त्या गावात दिलेली आहे. तिथं नवीन पाणीपुरवठा योजना मंजूर झाली. मी तेव्हा एका दैनिकाला बातम्या द्यायचो. प्रेसनोट आली. अत्याधुनिक संगणकीय पद्धतीनं आराखडा, खर्चात मोठी बचत, प्रत्येक घराला पुरेशा दाबानं पाणी, असा मजकूर होता. मी तो तसाच लावला. चार कॉलम आली बातमी, फोटोसकट. बहिणीला फोन करून सांगितलं, "आता तुझं पहाटं उठणं बंद झालं बघ."

योजना झाली. टाकी झाली, रस्ते खोदून पाइप टाकले, नारळ फुटला. टाकीजवळच्या कॉलनीत पाणी बिनमोटारीचं गच्चीवर चढायला लागलं. बहिणीचं घर गावाच्या पार टोकाला. तिच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही वरच्या गल्लीतल्या मोटारी बंद झाल्यावर. म्हणजे पहाटं तीनला उठणं काही सुटलं नाही. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "दादा, तुझ्या पेपरात तर आलं होतं ना?" टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती. आणि मला उत्तर देता आलं नाही.

दोष डिझाइनचा होता, कामाचा होता, की मोटारींचा? आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ते तपासायला जो कागद लागतो तो कुणी बाहेर काढला नाही, आणि तो मागायचा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संगणकीय पद्धत म्हणजे नेमकी कोणती, हा साधा प्रश्नसुद्धा मी विचारला नव्हता. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतला, पण "कॉम्प्युटरनं काढलंय" म्हटलं की आपण सगळे गप्प बसतो, तसा मीही बसलो.

त्यानंतर जमेल तसं वाचत गेलो, दोन-चार इंजिनिअर मित्रांचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवतो. कारण शहरांसाठी अमृत २.० आहे, खेड्यांसाठी जलजीवन मिशन आहे, मराठवाड्यासाठी वॉटर ग्रिडची चर्चा आहे. पुढच्या काही वर्षांत आपल्या भागात जमिनीखाली जेवढे पाइप जाणार आहेत, तेवढे आपल्या आजोबांच्या काळापासून गेले नसतील. आणि एकदा पुरलेला पाइप तीस वर्षं बोलत नसतो.

आधी अडचण समजून घ्या

पाइपचं जाळं ठरवायचं म्हणजे काय करायचं असतं? कोणत्या गल्लीत किती जाडीचा पाइप टाकायचा ते. जाड टाकला तर पैसा जातो, बारीक टाकला तर दाब जातो. आणि हा हिशोब सरळ नाही. १०० मिलिमीटरच्या जागी ७५ चा पाइप टाकला तर व्यास पाऊणपट होतो, पण तेवढ्याच दाबावर पाणी निम्म्याहून कमी जातं. तेवढंच पाणी ढकलायचं म्हटलं तर वाटेत दाबाचं नुकसान चौपट होतं. अंदाजपत्रकात एक आकडा बदलतो आणि गल्लीतल्या बायकांच्या पहाटेचे दोन तास जातात. म्हणून सांगतोय, पाइपच्या मापाला बारीकसारीक तांत्रिक बाब समजू नका.

आता दुसरी गोम. पाइप एकमेकांना जोडलेले असतात, गोल फिरून परत मिळतात. एका गल्लीतला पाइप जाड केला की पाणी तिकडं ओढलं जातं आणि चार गल्ल्या पलीकडं दाब पडतो. म्हणजे एकेक पाइप सुटा काढून ठरवता येत नाही. कोळ्याच्या जाळ्याला एका ठिकाणी बोट लावलं की सगळं जाळं हलतं, तसं आहे हे.

मग सगळ्या शक्यता तपासून बघाव्यात? करून बघा. समजा गावात पाइपचे फक्त ५० तुकडे आहेत आणि प्रत्येकासाठी बाजारात ६ मापं मिळतात. शक्यता ३०० होत नाहीत. ६ ला ६ नं असं पन्नास वेळा मांडून गुणायचं, ३९ आकडी संख्या येते. कॉम्प्युटरनं सेकंदाला दहा लाख तपासल्या तरी विश्वाचं आजवरचं वय पुरणार नाही.

हा डोकेदुखीचा प्रश्न फक्त आपल्यासारख्या गावांचा नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाण्याच्या बोगद्यांचा प्रश्न १९६९ साली दोन अभ्यासकांनी मांडला. बोगदे फक्त २१, प्रत्येकासाठी पर्याय १६. शक्यता २६ आकडी. आजही जगभरातले अभ्यासक आपली नवी पद्धत आधी त्या २१ बोगद्यांवर घासून बघतात. व्हिएतनामच्या हनोई शहराचं ३४ पाइपांचं जाळं हा असाच दुसरा कसोटीचा दगड.

मग कॉम्प्युटर करतो काय?

इथं गंमत आहे, आणि आपल्या लोकांना ती पटकन कळेल. कारण परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि वाण काढणं म्हणजे काय हे आपल्या बांधावरच्या माणसाला माहीत आहे.

रब्बी ज्वारीचं 'परभणी मोती' तुम्ही पेरलं असेल. असं वाण कसं तयार होतं? बरीच झाडं घ्यायची. चांगली निवडायची. त्यांचा संकर करायचा. पुढच्या पिढीत पुन्हा चांगली निवडायची, बाकीची सोडून द्यायची. असं पिढ्यान्‌पिढ्या करत जायचं. कोणत्या झाडात नेमकं काय दडलंय हे आधी माहीत असायची गरज नाही. निवड नीट केली की वाण सुधारत जातं.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांनी हीच युक्ती कॉम्प्युटरला शिकवली. १९७५ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. या पद्धतीला जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात, व्यापक नाव उत्क्रांतीवर चालणारे अल्गोरिदम. आणि विशेष म्हणजे हॉलंड यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डबर्ग हे मुळात सिव्हिलवाले. त्यांनी ही पद्धत लावली ती गॅसच्या पाइपलाइनवर, १९८३ च्या प्रबंधात. म्हणजे पाइपचं आणि या पद्धतीचं नातं अगदी सुरुवातीपासूनचं आहे.

पाण्याच्या जाळ्यासाठी ते असं चालतं. कॉम्प्युटर आधी शंभरेक आराखडे डोळे झाकून तयार करतो. या गल्लीला ७५, त्या गल्लीला १५०, काहीही. मग प्रत्येक आराखडा गावाच्या हायड्रॉलिक मॉडेलमध्ये घालून बघतो. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमधलं खोटं गाव: टाकी, पाइप, उंच-सखल भाग, घरांची मागणी, सगळं त्यात भरलेलं. कुठं किती दाब राहतो ते मॉडेल सांगतं. त्यावरून आराखड्याला गुण मिळतात. जास्त गुणांचे आराखडे जोडीनं घ्यायचे, एकाचा निम्मा भाग आणि दुसऱ्याचा निम्मा भाग जोडून पिल्लू आराखडा काढायचा. मधेच एखाद्या पाइपचं माप उगीच बदलून बघायचं. पुन्हा गुण, पुन्हा निवड. शेकडो पिढ्या. शेवटी जे हाती लागतं ते सर्वोत्तमच असेल याची हमी नाही, पण माणसानं हातानं केलेल्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त असतं.

हे परदेशातलंच आहे असंही नाही. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे, कोयनेच्या काठावर. आपल्यासारखंच छोटं गाव, तेव्हा नगरपंचायत होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानं तिथं चोवीस तास पाण्याची योजना उभी केली. जाळ्याच्या आराखड्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरलं त्यातला पाइपची मापं ठरवणारा भाग याच उत्क्रांतीच्या पद्धतीवर चालतो. त्याचं नावच 'डार्विन डिझायनर'. महाराष्ट्रात चोवीस तास पाणी म्हटलं की आजही पहिलं नाव मलकापूरचं निघतं. म्हणजे मुंबई-पुण्यालाच जमतं, छोट्या गावाला जमत नाही, हे बोलणं बंद करा.

पण एक लक्षात ठेवा. मलकापूर एकट्या सॉफ्टवेअरनं झालं नाही. घरोघरी मीटर बसले, जास्त वापराला जास्त दर लागले, गळती धरली आणि लोकांनी ते मान्य केलं. आपले पुढारी अभ्यासदौऱ्याला जातात तेव्हा टाकीसमोर फोटो काढून येतात. मीटरचा फोटो कुणी आणलेला मी बघितला नाही.

निवड कशावर करता, तेच पीक येतं

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

आमच्या लहानपणी घरात हायब्रीड ज्वारी असायची. उतारा भरपूर. पण म्हातारी माणसं त्या भाकरीला नाक मुरडायची, आणि ताट बुटकं असल्यानं कडबाही कमी. शास्त्रज्ञांची चूक होती का? नाही. त्या वेळी देशाला पोटभर धान्य हवं होतं, निवड दाण्याच्या उताऱ्यावर झाली. भाकरीची चव आणि बैलाचा कडबा गुणपत्रिकेत वरच्या नंबरावर नव्हता. जे मोजलं नाही ते मिळालं नाही.

अल्गोरिदमचं तंतोतंत असंच आहे. त्याला "सगळ्यात स्वस्त आराखडा काढ" सांगितलं, तर तो स्वस्त काढणार. आणि स्वस्त करायची जागा कुठं असते? टोकाला. टाकीपासून निघणारी मेन लाइन बारीक करता येत नाही, सगळं गाव तिच्यावर असतं. टोकाच्या वस्तीत पाइप बारीक केला तर त्रास थोड्याच घरांना होतो, म्हणून तिथं कात्री लागते. दुसरी कात्री लागते गोल फिरून मिळणाऱ्या जोड-पाइपांना. रोजच्या पाण्याला ते नसले तरी चालतं, म्हणून फक्त खर्च मोजणारा अल्गोरिदम ते उडवतो. मग एका ठिकाणी लाइन फुटली की पुढची सगळी गल्ली कोरडी, कारण दुसरीकडून पाणी यायला वाटच ठेवलेली नाही.

तुम्ही म्हणाल, कमीत कमी दाबाची अट असते की. असते. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये एकमजली घरासाठी ७ मीटर, दोन मजल्यांसाठी १२, तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब नळजोडणीपाशी मिळावा असं लिहिलेलं होतं. पण ही अट अल्गोरिदमला सांगायची एक नेहमीची रीत म्हणजे दंड. दाब कमी पडला की आराखड्याच्या गुणांतून दंड कापायचा. दंड जबर ठेवला तर अल्गोरिदम अट पाळतो. दंड किरकोळ ठेवला तर त्याला अट मोडून दंड भरणं परवडतं. गोदाकाठच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वाळूच्या ट्रॅक्टरचा हिशोब याहून वेगळा नसतो.

दंड किती ठेवायचा, हे कॉम्प्युटर ठरवत नाही. माणूस ठरवतो. तो माणूस कोण, त्यानं काय आकडा टाकला, हे कुठल्याही प्रेसनोटमध्ये येत नाही. आणि नंतर टोकाच्या वस्तीतले लोक विचारायला गेले की उत्तर मिळतं, "डिझाइन कॉम्प्युटरचं आहे, त्यात आम्ही काय करणार?" हे उत्तर मान्य करू नका. कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर दाखवता, तर त्याला विचारलेला प्रश्नही दाखवा.

कालव्याच्या टेलला पाणी का पोचत नाही, यावर जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या आपल्या शेतकऱ्यांनी किती मोर्चे काढले. वरचे उपसतात, खालचे बघत बसतात. शहरातल्या पाइपलाइनलाही टेल असतो. फरक इतकाच की कालव्याचा टेल डोळ्याला दिसतो आणि हा जमिनीखाली असतो. आणि शहराच्या टेलला राहतं कोण? नवीन प्लॉट घेतलेला हमाल, मजूर, घरकुलातली विधवा, गायरानाच्या कडेची वस्ती. त्यांच्याकडं मोर्चा काढायला वेळ नसतो, पहाटं तीनला उठलेलं असतं ना.

खोट्या गावात खरं गाव किती?

दुसरी भानगड मॉडेलची. आराखड्याला गुण मॉडेल देतं म्हटलं. मॉडेलच चुकीचं असेल तर?

ही एक गोष्ट बघा. ते १९९९ चं मॅन्युअल म्हणत होतं, पन्नास हजारांच्या आतल्या गावात गर्दीच्या वेळचा वापर सरासरीच्या ३ पट धरा. चोवीस तास पाणी असेल तर ठीक आहे. पण मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पाणी काही दिवसांतून एकदा येतं. चार दिवसांतून एकदा, दोन तास, असं धरा. ९६ तासांचं पाणी २ तासांत भरायचं म्हणजे सरासरीच्या ४८ पट ओढ. त्यात प्रत्येक नळाला मोटार. मॉडेलमधलं गाव शिस्तीत गरजेपुरतं पाणी घेतं, खरं गाव हंडे-टाक्या घेऊन तुटून पडतं. ३ पटीवर सजवलेला आराखडा ४८ पटीला टोकापर्यंत पोचेल कसा?

आणि जुनं जाळं तर बहुतेक गावांत कागदावर नसतंच. ते असतं वॉलमनच्या डोक्यात.

बहिणीच्या गावातल्या वॉलमन चाचांबरोबर मी एकदा रात्री फिरलो. हातात लांब चावी, खांद्यावर गमछा. एका चेंबरपाशी थांबले, तीन आट्या फिरवल्या, थांबले.

मी म्हटलं, "चाचा, पूर्ण का नाही उघडत?"

"पूर्ण उघडला की पुढं जुना सिमेंटचा पाइप आहे, तो फुटतो. तीनच आट्या. माझ्या आधीचा वॉलमन सांगून गेला."

"हे साहेब लोकांना माहीत आहे का? नवीन नकाशात आहे?"

चाचा हसले. "नकाशावाले आले होते की. जीप घेऊन फिरले. मला म्हणले, जरा बाजूला सरका, फोटो काढायचाय."

हा विनोद वाटला तर पुढचं वाचा. जुन्या पाइपांची आतली अवस्था बाहेरून दिसत नाही. गंज चढतो, थर बसतो, पाणी घासून जातं. म्हणून मॉडेल जुळवतात: गावात काही ठिकाणी खरा दाब मोजायचा आणि मॉडेलमधले घर्षणाचे आकडे खालीवर करत न्यायचे, मॉडेलचा दाब खऱ्या दाबाशी जुळेपर्यंत. हे जुळवायचं कामही याच उत्क्रांतीच्या पद्धतीनं करता येतं. चांगली सोय आहे. पण यात सापळा आहे. दाब मोजला तीन ठिकाणी आणि आकडे जुळवायचे तीनशे पाइपांचे, तर जुळणारी उत्तरं एक नाही, ढीगभर निघतात. त्यातली बहुतेक खोटी. चाचांचा अर्धवट बंद वॉल मॉडेलला माहीत नसेल, तर अल्गोरिदम काय करणार? त्या पाइपला खूप गंज चढलाय असं समजणार. आकडा जुळणार. अहवालात 'मॉडेल जुळले' असं येणार. आणि चांगला पाइप उखडून तिथं नवीन टाकायचा खर्च अंदाजपत्रकात येणार. तीन आट्यांची गोष्ट लाखांत गेली.

म्हणून मी म्हणतो, मॉडेल करायला बसाल तेव्हा वॉलमनला बाजूला सरकवू नका. त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि त्याचं म्हणणं लिहून घ्या. त्याच्या डोक्यातला नकाशा तो रिटायर झाला की जातो, आणि कुठलाही अल्गोरिदम तो परत आणून देत नाही.

निवड सभागृहात व्हायला हवी

आता कुणी म्हणेल, मग हे अल्गोरिदम नकोतच. नाही, उलट मला ते हवेत. नीट वापरले तर.

कारण या पद्धतीत एक फार मोठी सोय आहे. तिला एकच उत्तर मागायची सक्ती नाही. "खर्चही कमी हवा आणि टोकाच्या नळाचा दाबही जास्त हवा" असे दोन उद्देश एकदम देता येतात. मग ती एक आराखडा देत नाही, रांग देते. एका टोकाला सगळ्यात स्वस्त, दुसऱ्या टोकाला सगळ्यात भक्कम, मध्ये पायऱ्या. प्रत्येक पायरीवर कळतं, एवढा पैसा वाढवला तर शेवटच्या नळाला एवढा दाब वाढतो. या कामासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक आपल्या आयआयटी कानपूरमध्ये तयार झाली. प्राध्यापक कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, २००२ साली प्रसिद्ध झालेली.

त्या रांगेतली कोणती पायरी घ्यायची, हे गणित सांगत नाही. तो गावाचा निर्णय आहे. अमुक लाख वाचवायचे आणि टोकाच्या दोनशे घरांनी पहाटं उठायचं, की तेवढे लाख घालायचे? हा प्रश्न सर्वसाधारण सभेत यायला पाहिजे. नगरसेवकांनी हात वर करून सांगायला पाहिजे आणि इतिवृत्तात नोंद व्हायला पाहिजे. आज होतं काय? कन्सल्टंटच्या ऑफिसात कुणीतरी एक पायरी निवडतो आणि सभेत येतो तो एकच तयार डीपीआर, मंजूर मंजूर म्हणायला.

आणि हे फक्त गावापुरतं नाही. मराठवाडा वॉटर ग्रिडसाठी २०१८ साली मेकोरोट या इस्रायली कंपनीबरोबर करार झाला. ११ धरणं पाइपनं एकमेकांना जोडायची कल्पना. पुढं तिचं काय होईल ते होवो. पण असं जाळं कधी झालंच, तर टंचाईच्या साली कोणत्या जिल्ह्यानं आधी तहानलेलं राहायचं, हे त्याच्या मॉडेलमधल्या दोन-चार आकड्यांत लिहिलेलं असेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं. जाळ्यातले आकडे टीव्हीवर दिसत नाहीत. ते मागून घ्यावे लागतात.

मग मागायचं काय?

आपल्या गावात, तालुक्यात, कुठंही नवीन योजनेचा डीपीआर येईल तेव्हा ह्या पाच गोष्टी मागा. पक्ष कोणताही असो.

१. मॉडेलची फाइल जाहीर करा. नुसती पीडीएफ नको, मॉडेल. ते उघडायला ईपानेट नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९९३ पासून फुकट ठेवलंय. इंजिनिअरिंगला शिकणारी आपली पोरं सुट्टीत तपासतील. माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे, आणि कलम ४ प्रमाणं तर बऱ्याच गोष्टी न मागताच जाहीर करायच्या असतात.

२. अल्गोरिदम वापरला असेल तर त्याला काय कमी करायला सांगितलं, काय वाढवायला सांगितलं आणि अट मोडल्याचा दंड किती ठेवला, ते एका पानावर मराठीत लिहा.

३. आराखड्यात सगळ्यात कमी दाब कोणत्या नळाला आहे, त्या गल्लीचं नाव सांगा. सरासरी दाब सांगू नका. सरासरीत बुडून माणूस मरतो.

४. मॉडेल जुळवताना दाब किती ठिकाणी मोजला, कधी मोजला, आणि वॉलमनला विचारलं का?

५. काम झाल्यावर, पाइपवर रस्ता होण्याआधी, त्याच शेवटच्या नळाला दाबाचं मीटर लावून दाखवा. मॉडेल म्हणतं तेवढा दाब आला तरच शेवटचं बिल.

विरोधाचे दोन मुद्दे मला माहीत आहेत. पहिला, "हे तज्ज्ञांचं काम, त्यात लोकांनी कशाला नाक खुपसायचं?" गणित तज्ज्ञांचंच आहे, मान्य. पण गणिताला काय हवं ते सांगणं हे तज्ज्ञांचं काम नाही. वाण शास्त्रज्ञ काढतो, भाकरी आपण खातो.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. "धरणात पाणी असेल तर दाबाच्या गप्पा. नाथसागर कोरडा पडला की कसला अल्गोरिदम?" बरोबर आहे. अल्गोरिदम पाऊस पाडत नाही. पण जे आहे ते कसं वाटलं जातं, हे तरी आपल्या हातात आहे. आणि माझा अनुभव असा, की पाणी कमी असतं तेव्हाच वाटपातला अन्याय सगळ्यात जास्त टोचतो. भरपूर असतं तेव्हा बारीक पाइपही खपून जातो.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. "अत्याधुनिक संगणकीय पद्धत" असे शब्द असलेली प्रेसनोट आता माझ्याकडून तशीच छापली जाणार नाही. आधी फोन करणार, शेवटच्या नळाचा दाब विचारणार, आकडा मिळाला तर बातमीत टाकणार, नाही मिळाला तर 'आकडा मिळाला नाही' असं टाकणार. गावातल्या बाकीच्या पत्रकार मित्रांनीही एवढं करावं ही विनंती. आपण चार-पाच जणांनी विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

गेल्या आठवड्यात बहिणीशी बोललो. हे सगळं लिहितोय म्हटलं. ती म्हणाली, "लिही. पण त्यात हे पण लिही, की आमच्या गल्लीत आजवर कुणी मीटर घेऊन आलेलं नाही."

लिहिलं.

तुमच्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मोटार न लावता हंडा भरायला किती मिनिटं लागतात, ते खाली लिहा. गल्लीचं नाव टाका, स्वतःचं नाही टाकलं तरी चालेल. सगळं एकत्र करून मी यादी करतो. पुढचा डीपीआर येईल तेव्हा आपल्या हातात आपला स्वतःचा आकडा असायला पाहिजे.